पेनल्टी बॉक्समधली ओल

सोहारच्या कॉलेजचं मैदान आखायचं काम माझं.
चुन्याची गाडी, सुतळी, आणि दिवस कलला की पाणी.
नोकरी अशी, की रेषा सरळ आली
तर कुणाला दिसत नाही.

काल मोसमातला पहिला सामना.
दोन-एक. हरलो.
हरलो म्हणतो. संघात मला कुणी घेतलेलं नाही.

मग बंदराच्या रस्त्याला, जोजीच्या टपरीवर
पंचनामा सुरू झाला.
रात्रीचे अकरा, सप्टेंबर,
चष्म्यावर वाफ धरते, पुसली की पुन्हा धरते.
इलाही बागवान, क्रेनवाला, आधी बसला आणि आधी बोलला:
"गोलकी पुढं आला कशाला गा?
दार राखायचं सोडून
वरातीत नाचायला आल्यागत!"
रघू इंगवलेचं म्हणणं, कोच भित्रा.
पाचजण मागं कोंबतोय, पुढं सालिम एकटा,
लग्नात हरवलेल्या पोरागत.
"आमच्या पेठेत असं खेळला असता
तर घरात जेवाण मिळालं नसतं."
हे रघू दर सामन्यानंतर म्हणतो.
जिंकलो तरी म्हणतो.

जोजी मलप्पुरमचा. वाद घालत नाही.
फळकुटावर एक ग्लास उपडा घातला,
साखरेच्या दोन पुड्या, चमचा, काडेपेटी,
आणि दुसरा गोल पहिल्यापासून करून दाखवला.
काडेपेटी म्हणजे हिलाल, आमचा डावा बॅक.
"यहाँ," म्हणत त्यानं काडेपेटी आडवी पाडली,
"यहाँ फिसला. क्यों?"

सगळे काडेपेटीकडं बघत राहिले.
मी चहाकडं.

कारण पाच वाजता मी कॉक सोडला होता,
बारा मिनिटांचं पाणी, घड्याळ लावून,
आणि तेवढ्यात सालिम एकटाच आला,
गोलखांबाजवळ उभा राहून पायावर बॉल झेलायला लागला.
मी मोजत गेलो.
चाळीस. साठ. मांडीवर, टाचेवर, परत पायावर.
बॉल पडला तेव्हा
पाणी आठ मिनिटं जास्त गेलं होतं,
डाव्या कोपऱ्यात, पेनल्टी बॉक्सच्या आत,
माझ्याच चुन्याच्या रेषेवर.
रेषा फुगली होती, ओल्या पापडासारखी.
मी ती पुन्हा ओढली.
ओल पुन्हा ओढता येत नाही.

"बूट नवं असणार," इलाही म्हणाला.
"बुटाचंच हाय," रघू म्हणाला.
मी म्हणालो, "असंल."
पंचनाम्यावर माझा अंगठा उठला.
उठताना रघूनं चहाचे पैसे दिले सगळ्यांचे,
अजून अकरा सामने हायत म्हणाला,
आणि काडेपेटी खिशात घालून गेला.

सकाळी सहाला मैदानात गेलो
तर हिलाल आधीच तिथं. अनवाणी.
त्याच्या घसरण्याची खूण हातभर लांब,
गवत सोललेलं, खालची माती तांबूस.
बलुशी पोरगं, हिंदी सरळ बोलतं.
म्हणालं, "चाचा, इथं जमीन मऊ आहे."
"आहे."
थांबलं. जायला तयार नाही.
"आठ मिनिटं जास्त सुटलं," मी म्हणालो,
"सालिमला बघत होतो."
त्यानं मान वर केली.
मला वाटलं, आता ऑफिसात जाईल, नाव सांगेल,
आणि बरोबरच करेल.
"किती केले त्यानं?"
"एकशे बारा."
"मला दीडशे म्हणाला!"
शिवी हासडली त्यानं, अरबीत, सालिमच्या नावानं,
मग त्याच जागेवर टाच दाबून बघितली,
एकदा, पुन्हा एकदा.

मी वाळूची पाटी आणायला गेलो.
मागं वळून बघितलं तर
तो अजून तिथंच,
मान खाली,
आणि त्याची टाच आत जात होती.